बारा एकर, चार वारस

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरत होत्या. त्याच दिवसांत निजामाच्या सरकारचे सुमारे दहा लाख पौंड लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतल्या एका दुसऱ्या खात्यात गेले. ते खातं पाकिस्तानच्या लंडनमधल्या उच्चायुक्तांच्या नावावर होतं. काही दिवसांतच निजामाने कळवलं की हे माझ्या परवानगीशिवाय झालं आहे, पैसे परत करा. बँकेसमोर प्रश्न उभा राहिला की खातं एकाच्या नावावर आहे आणि हक्क दुसराच सांगतोय, मग द्यायचं कुणाला? बँकेने कुणालाच दिलं नाही. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती. पैसे भारत सरकार आणि निजामाचे दोन नातू यांच्या बाजूला आले. सातवा निजाम मीर उस्मान अली खान १९६७ मध्येच गेला होता.

एकेकाळी जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेल्या माणसाच्या वारसांना ७१ वर्षं थांबावं लागलं, कारण नाव एकाचं होतं आणि हक्क दुसऱ्याचा.

याच निजामाच्या राज्यात बीड जिल्हा होता. इथल्या कोरडवाहू रानाच्या तुकड्यांनाही नेमका हाच रोग आहे. फरक इतकाच की इथे भांडायला लंडनचे वकील नसतात आणि अडकलेलं माणूस बहुतेक वेळा कुणाची तरी बायको, आई किंवा बहीण असतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो, गाव बीड जिल्ह्यात. आमच्या कामात एक सवय लागते. प्रोग्राम बदलला की तोच जुना इनपुट पुन्हा द्यायचा आणि उत्तर काय येतं ते बघायचं. वारसा कायद्याचा इतिहास समजून घेताना मी तेच केलं. एक काल्पनिक कुटुंब घेतलं. बारा एकर वडिलोपार्जित जमीन, मृत्युपत्र नाही. वडील वारले. मागे आई, दोन मुलगे आणि एक मुलगी. हे कुटुंब वेगवेगळ्या काळात नेऊन ठेवलं. बारा एकर तेच, माणसं तीच, उत्तर मात्र दर वेळी वेगळं आलं.

पहिलं उत्तर: सहा, सहा, शून्य, शून्य

सुरुवात नऊशे वर्षं मागे करावी लागते. बाराव्या शतकाच्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी विज्ञानेश्वर नावाचा पंडित होता. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यात, मराठवाड्याला लागूनच. त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. पुढे बंगाल-आसाम सोडून जवळजवळ सगळ्या हिंदुस्थानात हिंदूंचा वारसा या टीकेवर ठरू लागला. निजामाच्या राज्यातही हिंदूंचे घरगुती व्यवहार हिंदू धर्मशास्त्रानेच चालत.

मिताक्षरेचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो, बाप मरायची वाट बघावी लागत नाही. मृत्युपत्र ही कल्पना त्यात बसतच नव्हती, कारण सगळ्यांची सामाईक मालमत्ता एकटा माणूस कागदावर कुणाला देणार? मुलगा नसला तर दत्तक घ्यायचा. दत्तकविधान हे त्या काळाचं वारसा-नियोजनच होतं. साताऱ्याच्या छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेबांनी १८४८ मध्ये मरणाच्या दारात असताना दत्तक घेतला. इंग्रजांनी तो मानला नाही आणि राज्य खालसा झालं. वारसाची सोय शेवटच्या दिवसावर ढकलली की काय होतं, याचं यापेक्षा मोठं उदाहरण महाराष्ट्रात सापडणार नाही.

आपल्या कुटुंबाचा हिशोब इथे सोपा आहे. मुलांना सहा-सहा एकर. आईला पोटगी, मुलीला लग्नाचा खर्च. जमिनीत दोघींचा वाटा शून्य.

दुसरं उत्तर: चार एकर, पण हयातीपुरते

१९३७ मध्ये दिल्लीच्या कायदेमंडळात एक कायदा झाला. तो मांडणारे मुंबईचे डॉक्टर गो. वि. देशमुख, म्हणून तो ‘देशमुख कायदा’ म्हणून ओळखला जातो. एकत्र कुटुंबातला नवरा वारला की त्याचा हिस्सा विधवेकडे येईल, असं त्याने ठरवलं. आपल्या उदाहरणात वडील आणि दोन मुलगे असे तीन हिस्सेदार होते. म्हणजे आईला चार एकर, मुलांना चार-चार. पण आईचे चार एकर हयातीपुरते. ती गेली की जमीन परत मुलांकडे. मुलीच्या नावापुढे अजूनही शून्यच.

त्यातही एक मेख होती. प्रांतांमधल्या शेतजमिनीला हा कायदा लागूच नाही, असं १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं. मग मुंबई प्रांताने १९४२ मध्ये वेगळा कायदा करून तो शेतजमिनीला लावला. बीड तर इंग्रजी मुलखातच नव्हता. हैदराबाद राज्यात शेतजमिनीसाठी तसा कायदा झाला तो १९५४ मध्ये.

नकाशावर जामखेड आणि पाटोदा बघा. शेजारी शेजारी, बोली एक, सोयरिकी एकमेकांत. पण जामखेड तालुका इंग्रजी अहमदनगर जिल्ह्यात आणि पाटोदा निजामाकडे. जामखेडच्या विधवेला नवऱ्याच्या शेतात निदान कागदावर जो हक्क मिळाला, तोच पाटोद्यात दिलेल्या तिच्या बहिणीला मिळायला आणखी बारा वर्षं लागली. दोघींमध्ये फरक फक्त सोयरीक कुठे जुळली एवढाच.

तिसरं उत्तर: मुलीला तीस गुंठे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल अडवलं गेल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या बिलाचे पुढे तुकडे झाले. त्यातला वारशाचा तुकडा १७ जून १९५६ पासून हिंदू वारसा कायदा म्हणून लागू झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबादमधून मुंबई राज्यात आला.

या कायद्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. ‘हयातीपुरता’ हा शब्द काढला, विधवेच्या वाट्याला आलेलं तिच्या पूर्ण मालकीचं झालं. आणि मुलगे असतानाही मुलगी पहिल्यांदा वारस म्हणून यादीत आली. पण एकत्र कुटुंबाची मिताक्षरेची चौकट तशीच ठेवली. त्यामुळे हिशोब दोन पायऱ्यांत होऊ लागला. आधी असं समजायचं की मरणाच्या आदल्या क्षणी वाटणी झाली. वडील, आई आणि दोन मुलगे यांना तीन-तीन एकर. मग वडिलांचे तीन एकर चार वारसांत, म्हणजे प्रत्येकी तीस गुंठे. आईला तीन एकर तीस गुंठे, दोन्ही मुलांना तेवढेच. मुलीला फक्त तीस गुंठे.

ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने पक्की केली ती हिराबाई मगदूम या महाराष्ट्रातल्याच एका विधवेच्या दाव्यात. तिचा नवरा १९६० मध्ये वारला, मागे दोन मुलगे, तीन मुली. तिने स्वतःच्या मुलाविरुद्ध वाट्याचा दावा लावला. १९७८ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी तिला चोवीसपैकी सात हिस्से दिले. नवरा गेल्यापासून अठरा वर्षांनी.

चौथं उत्तर: तीन, तीन, तीन, तीन

पूर्वीच्या हैदराबाद राज्यातला तेलंगणाचा भाग आंध्रात गेला होता. आंध्रने मुलींना मुलांसारखा जन्मतः हक्क ५ सप्टेंबर १९८५ पासून दिला. महाराष्ट्राने तो दिला २२ जून १९९४ पासून. एकाच निजामाच्या राज्यातल्या दोन मुलींमध्ये या वेळी नऊ वर्षांचं अंतर पडलं.

नव्या हिशोबात वडील, आई, दोन मुलगे, मुलगी असे पाच हिस्से पडतात. मग वडिलांचा हिस्सा चौघांत. उत्तर सुटसुटीत येतं, प्रत्येकाला तीन एकर. नऊशे वर्षांनंतर चार वारसांची नावं पहिल्यांदा समान आकड्यापुढे आली.

पण महाराष्ट्राच्या कायद्यात एक अट होती. २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलीला हे लागू नाही. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे मुलींची लग्नं लवकर उरकली जात आणि अजूनही जातात, तिथे या अटीचा अर्थ काय झाला असेल? थोरलीचं लग्न त्या वर्षीच्या मे महिन्यात, धाकटीचं पुढच्या मे महिन्यात. एकाच आईच्या पोटच्या, पण एकीला तो हक्क आणि दुसरीला नाही. लग्नपत्रिकेवरची तारीख जमिनीचा कागद होऊन बसली.

ही अट गेली ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने. पुढे नवा वाद उभा राहिला. त्या दिवशी बाप जिवंत हवा का? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हवा. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने सांगितलं, गरज नाही, हक्क जन्माने आहे. याच निकालाने तोंडी वाटणीलाही लगाम घातला. ‘आमची वाटणी पूर्वीच तोंडी झालीय’ असं म्हणून बहिणीला बाजूला काढता येणार नाही. नोंदणीकृत कागद किंवा न्यायालयाचा हुकूमनामा दाखवा, निव्वळ तोंडी सांगणं सहसा चालणार नाही.

मग सातबाऱ्यावर ती कुठे आहे?

इथपर्यंत ही कायद्याच्या प्रगतीची गोष्ट वाटते. आता गावात या.

वडील वारले की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची खबर द्यायची, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ पासून सांगते. तलाठी वारसनोंदवहीत लिहितो, मग फेरफार होतो, मग सातबारा बदलतो. प्रत्यक्षात दहावं, तेरावं होतं, भावकी पांगते, आणि खबर राहून जाते. कधी नोंद होते, पण फक्त थोरल्या भावाच्या नावाने, पुढे ‘ए.कु.मॅ.’ ही तीन अक्षरं. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तो सगळ्यांच्या वतीने नाव लावून घेतो. पन्नास वर्षांनी त्याची नातवंडं मॅनेजर हा शब्द विसरतात आणि जमीन आमच्याच आजोबांची म्हणतात. बहिणींची नावं लागलीच तर पुष्कळदा मालकांच्या रकान्यात नाही, ‘इतर हक्कात’.

आणि मग येतं हक्कसोडपत्र. कायद्याने दिलेले तीन एकर बहीण एका सहीने सोडते. तिला कुणी दटावतं असंही नेहमी नसतं. तिला पक्कं माहीत असतं की वाटा मागितला तर दिवाळीला न्यायला भाऊ येणार नाही. नवऱ्याच्या घरी काही बिनसलं तर परतायला एक दार हवं, त्या दाराची किंमत म्हणून ती जमीन सोडते. हे तिचं वेडेपण नाही, तो तिने केलेला हिशोबच आहे. पण त्या हिशोबात एक जोखीम राहते. भाऊ गेल्यावर दार भावजयीच्या आणि भाच्यांच्या हातात जातं, आणि हक्कसोडपत्र तर नोंदणीकृत असतं.

या अडचणीवर एक वेगळा उपाय शेतकरी संघटनेने काढला होता. शरद जोशींच्या पुढाकाराने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यातून पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम आली. नवऱ्याने जिवंतपणीच, आपण होऊन, जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करायचा. न्यायालय नाही, दावा नाही, भावाशी वैर नाही. १५ सप्टेंबर १९९२ च्या परिपत्रकाने शासनानेही वाट सोपी केली, नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागू शकतं. ही तरतूद आजही फारशी कुणाला माहीत नसते. पण इतिहासातला हा एक क्षण असा आहे की माणसांनी मरणाची वाट न बघता वारसा ठरवला.

बीडमध्ये नाव का महत्त्वाचं, हे इथे राहिलेल्यांना सांगावं लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. फडात अपघात झाला, ट्रॉली उलटली, नाहीतर कर्जापायी घरधन्याने गळफास घेतला, की मागे तिशीतली बाई उरते. पीककर्ज, पीकविमा, अनुदान, सगळीकडे पहिला प्रश्न एकच असतो, सातबारा कुणाच्या नावावर? सासऱ्याच्या नावावर असेल तर तिच्या हाती काही नाही. तीच गोष्ट भूसंपादनाची. माजलगावचं धरण झालं, चौपदरी रस्ते झाले. १९९५ मध्ये मंजूर झालेल्या अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेची गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला बीडपर्यंत आली. मोबदल्याची नोटीस कागदावरच्या नावाला निघते, शेतात राबणाऱ्या हाताला नाही.

त्या तिशीतल्या बाईबद्दल गावात आणखी एक समज पक्का आहे. दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याची जमीन जाते. हा समज हवेतून आलेला नाही. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात खरंच तसं कलम होतं. पण १९५६ च्या कायद्यानंतर नवऱ्याकडून एकदा वारशाने आलेली जमीन पुनर्विवाहाने जात नाही. १८५६ चा तो कायदाही १९८३ मध्ये रद्द झाला. कायदा मेला, त्याचं भूत पारावर बसून आहे.

शहरातला सातबारा

आमच्या पिढीतल्या अनेकांना वाटतं, हे सगळं गावाकडचं. माझा पगार बँकेत, थोडे म्युच्युअल फंड, पीएफ, सगळीकडे नॉमिनी टाकलाय, प्रश्न मिटला.

नॉमिनी म्हणजे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर शेवटचा गाजला तो एका मराठी घरातून. ‘कालनिर्णय’चे जयंतराव साळगावकर ऑगस्ट २०१३ मध्ये वारले. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं, आणि काही गुंतवणुकींवर नॉमिनीही होते. दोन्ही कागदांत वरचढ कोणता? १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने सांगितलं की नॉमिनी मालक होत नाही. तो पैसे घेतो आणि खऱ्या वारसांसाठी सांभाळतो. विम्याबाबत न्यायालय १९८३ मध्येच हे बोललं होतं. लंडनमधल्या खात्याचा निकाल आणि हा निकाल शेजारी ठेवून वाचा, गाभा एकच आहे. खात्यावरचं नाव म्हणजे हक्क नव्हे.

दुसरी गंमत लग्नाची. ख्रिस्ती किंवा पारशी माणसाने लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. हिंदूंचं होत नाही. घटस्फोटानेही होत नाही. पंचविशीत सगळं भावाच्या नावे लिहून ठेवलं आणि पस्तिशीत दोन लेकरं झाली, तरी तो जुना कागद जिवंतच. पीएफचं उलट आहे. कुटुंब नसताना केलेलं नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर अवैध ठरतं. म्हणजे एकाच लग्नाने एक कागद मरतो आणि दुसरा जिवंत राहतो, आणि नवरा-नवरी हनिमूनची तिकिटं बघत असतात.

तिसरा प्रसंग नारायणीदेवींचा. १९५५ मध्ये लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा साप चावून वारला. सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, तिने नोकरी केली, पैसे साठवले. १९९६ मध्ये ती वारली. मूल नव्हतं, मृत्युपत्र नव्हतं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची कमाई दिली नवऱ्याच्या नातेवाइकांना, कारण वारसा कायद्याचं पंधरावं कलम तसंच सांगतं. न्यायालयाला सहानुभूती होती, पण कलम वाचावंच लागलं. दोन साक्षीदारांसमोर सही केलेला एक कागद असता तर चित्र वेगळं असतं. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. नोकरी करणाऱ्या प्रत्येक विवाहित मुलीने हे कलम एकदा वाचायला हवं.

हा सगळा इतिहास ठेवून बघितला तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. हक्क एका दिवशी तयार होतो, जन्माच्या, लग्नाच्या, मरणाच्या किंवा संसदेने कायदा केल्याच्या. नाव मात्र कुणीतरी उठून कचेरीत गेल्यावरच लागतं. या दोन दिवसांमधल्या फटीत हिराबाईंची अठरा वर्षं गेली, निजामाच्या वारसांची एकाहत्तर. विज्ञानेश्वरापासून संसदेपर्यंत सगळ्यांनी हक्क लिहिले. फट बुजवायचं काम घरातल्या माणसांवर राहिलं, आणि आपल्याकडे ते काम अपशकुनी समजतात. बाप जिवंत असताना वाटणीचं बोललं की ‘मी मेल्यावर करा काय करायचं ते’ असं उत्तर येतं. आणि मग खरंच तसंच होतं.

शासनाने २०२५ मध्ये राज्यभर एक मोहीम काढली, तिचं नाव ‘जिवंत सातबारा’. मयतांची नावं काढून वारसांची लावायची. मोहिमेचं नाव ऐकून हसू येतं, पण त्यात कबुली आहे की बाकीचे सातबारे काय अवस्थेत आहेत.

हा लेख तुम्ही मोबाइलवरच वाचत असाल. त्याच मोबाइलवर महाभूलेख उघडतं. गाव निवडा, गट नंबर टाका. जी नावं येतील त्यातली किती माणसं आज हयात आहेत ते मोजा. मग तुमची आई, आत्या, बहीण मालकांच्या रकान्यात आहे, इतर हक्कात आहे की कुठेच नाही, ते बघा. वडील घरात असतील तर स्क्रीन त्यांच्यासमोर धरा आणि विचारा, हे नाव कधी लावायचं? चिडतील कदाचित. पण उत्तर द्यायला ते आहेत.